कोचाची जबानी



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी "दिवाणखान्यातला गडद मखमली कोच" असे उत्तर दिले. फोनवर पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते मोठ्या सौजन्याने म्हणाले, "विषय जरा घरगुती आहे, नाही का?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. वसंत ऋतूतल्या व्याख्यानांना संतवाङ्मय, शेतीचे पाणी, राज्यघटना असले भारदस्त विषय शोभतात. कोचावर बोलायला व्यासपीठ कशाला हवे, कोच पुरे आहे! तथापि व्याख्यान संपेल तेव्हा हा विषय अगदीच हलका होता असे आपण म्हणणार नाही, अशी मला आशा आहे.

आरंभ ह्या मांडवापासूनच करू. आपण कसे बसलो आहोत ते पाहा. अगदी पुढे तीन कोच मांडले आहेत. त्यांच्या पाठींवर पांढरे टॉवेल टाकले आहेत. त्यामागे खुर्च्यांच्या रांगा आहेत, आणि सर्वांत मागे सतरंजी. मला कुणाचीही ओळख करून दिलेली नाही. तरी पाहुणे कोण, देणगीदार कोण, आणि केवळ ऐकण्याच्या ओढीने लवकर येऊन मागे बसलेले कोण, हे मी इथून सांगू शकतो. कुणी एक अक्षर बोललेले नाही. बैठक बोलली आहे.

बैठकीला बोलता येते हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. राजा राज्यावर आला असे आपण म्हणत नाही, तो 'गादीवर आला' म्हणतो. मंत्र्याचे पद गेले की त्याची 'खुर्ची गेली'. लग्नघरी मानाच्या माणसाला पाट मिळतो, आणि तो मिळाला नाही तर पुढे दहा वर्षे त्याचा उल्लेख होतो. दोन माणसे बरोबरीची आहेत हे सांगायचे असेल, तर ती 'मांडीला मांडी लावून बसतात' असे म्हटले की काम झाले. कोणाला कुठे बसवले, ह्यावरून आपल्या समाजाने माणसांची किंमत सांगितली आहे. कोचाचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

आजकाल घरसजावटीची मंडळी सांगतात की, दिवाणखान्यात एक तरी वस्तू अशी असावी की जिला पाहताच त्या घराची ओळख पटावी. अशा वस्तूला ती 'स्टेटमेंट' म्हणतात. आपल्याकडे स्टेटमेंट बँकेतून आणतात किंवा पोलिसांत देतात. मला दुसरा अर्थ अधिक आवडला. पोलिसांतल्या स्टेटमेंटला आपण जबानी म्हणतो, आणि जबानी खरी असते किंवा खोटी असते. ह्या मंडळींच्या आवडीची एक वस्तू म्हणजे गडद रंगाचा मखमली कोच : गर्द निळा, मोरपिशी, वांगी रंगाचा, किंवा जवळजवळ काळ्यावर गेलेला हिरवा. आता असे कोच शिरूरच्या नव्या सदनिकांत आणि दौंडकडच्या उसाच्या पट्ट्यातल्या बंगल्यांतही दिसतात. तो कोच काय जबानी देतो, आणि ती खरी आहे की खोटी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

कोच ही वस्तू मूळची आपली नव्हे. १७९० साली शनिवारवाड्यात सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांशी तह झाला. त्या प्रसंगाचे टॉमस डॅनियल ह्या चित्रकाराने १८०५ साली पुरे केलेले मोठे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात खुर्ची नाही, कोच नाही. पेशवे गादीवर लोडाला टेकून बसले आहेत, आणि इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट हाही खाली बिछायतीवरच बसला आहे. तंग विजार घालून जमिनीवर बसताना त्याच्या गुडघ्यांचे काय झाले असेल ते तोच जाणे! पण पेशव्यांच्या घरी पेशव्यांच्या रीतीने बसावे लागते, ही त्या बैठकीची जबानी होती.

पुढे तीस वर्षांच्या आत ती जबानी उलटली. आपल्या घोडनदीच्या काठी, म्हणजे ह्या शिरुरात, इंग्रजांची छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेली कॅप्टन स्टाँटनची पलटण ह्याच छावणीतून निघाली होती. छावणी म्हटली की साहेबाचा बंगला आला, आणि बंगला म्हटला की मेज, खुर्च्या आणि कोच आले. दौंडला हेच काम आगगाडीने केले. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. रेल्वेच्या वसाहतीत इंग्रज आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे राहू लागली. त्यांच्या घरातले राहणे टेबलखुर्चीचे. आता साहेब खुर्चीत बसे आणि त्याला भेटायला आलेला आपला माणूस समोर उभा राही. जमिनीवरच्या बैठकीत उच्चनीच होतेच, ते साहेबाने आणले असे मी म्हणणार नाही. त्याने त्याला चार पाय दिले, इतकेच.

मग कोच आपल्या मध्यमवर्गीय घरात कसा शिरला? माझा तर्क असा की तो मंगल कार्यालयाच्या दाराने आला. स्वागतसमारंभात वधूवरांना बसवण्यासाठी सोनेरी कडांचा, लाल किंवा जांभळ्या मखमलीचा प्रशस्त कोच मांडतात. तो मांडववाल्याकडून एका संध्याकाळपुरता भाड्याने आणलेला असतो. आयुष्यात एकदा दोन-तीन तास आपण त्यावर राजाराणीसारखे बसतो, हजारभर माणसे येऊन अक्षता आणि आहेर देऊन जातात, आणि दुसऱ्या दिवशी कोच टेंपोत चढून दुसऱ्या लग्नाला निघून जातो. त्या मखमलीची आठवण मनात राहते. पुढे कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकला, रांजणगावच्या कारखान्यात नोकरी लागली, हाती चार पैसे आले, की माणूस म्हणतो, तो कोच आता कायमचा घरी आणू. ह्या इच्छेला मी हसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या गोणपाटावर आणि घोंगडीवर बसलेल्या माणसाला मऊ बसावेसे वाटले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

आता मखमल म्हणजे काय ते पाहू. कारण वस्तूचा स्वभाव कळल्याशिवाय तिची जबानी कळत नाही. साध्या कापडात धागे आडवे-उभे निजलेले असतात. मखमलीत त्यांशिवाय आणखी धागे असतात आणि ते उभे राहिलेले असतात. यंत्रावर दोन कापडे समोरासमोर एकदम विणतात, दोहोंना जोडणारे धागे मधून घालतात, आणि मग धारदार पात्याने ते मधोमध कापीत जातात. कापड दुभंगते आणि प्रत्येकाच्या अंगावर आखूड धाग्यांची दाट लव उभी राहते. मखमल हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, आणि वस्तूही बड्या लोकांचीच होती. 'आइने अकबरी'त बादशाही कोठारातल्या कापडांत गुजरात, लाहोर, काशान आणि युरोप इथल्या मखमली नोंदलेल्या आहेत. आजची मखमल बहुधा पॉलिएस्टरची असते, म्हणून ती आपल्या खिशाला परवडते.

ह्या उभ्या लवेची करामत अशी की, तिच्यावर पडलेला प्रकाश धाग्यांच्या गर्दीत शिरतो, एका धाग्यावरून दुसऱ्यावर आपटतो, आणि बराचसा आतच विरतो. तो डोळ्यांकडे परत येत नाही. म्हणून तोच रंग सुती कापडावर जितका गडद दिसतो, त्याहून मखमलीवर अधिक खोल दिसतो. लवेवरून एका दिशेने हात फिरवला तर पट्टा उजळतो, उलट फिरवला तर काळवंडतो. लहान मुले त्यावर बोटाने चित्रे काढतात आणि मोठ्यांचे लक्ष नसले की मोठेही काढतात.

प्रकाश गिळणाऱ्या ह्या कापडाचा उपयोग आपल्या लोकांनी फार शहाणपणाने केला आहे. संगीत नाटकांचा मखमली पडदा आठवा. तो वर जाईपर्यंत डोळा कुठे अडकत नाही, आणि गेला की सारी नजर नटावर. त्याहून चांगले उदाहरण आपल्या बाजारपेठेतल्या सराफाचे. तो पाटल्या दाखवताना काय करतो? गडद मखमलीचे तबक पुढे ओढतो आणि पाटल्या त्यावर ठेवतो. काचेवर ठेवलेले सोने आणि मखमलीवर ठेवलेले सोने ह्यांत फरक पडतो. भोवतालचे सगळे विझते आणि दागिना तेवढा उजळतो. सराफ मखमल विकत नाही. गिऱ्हाइकाने दागिना सोडून तबकाचीच वाहवा केली, तर त्याचा धंदा बुडेल.

ही सराफाची गोष्ट आपण मनात ठेवा. मला जे सांगायचे आहे ते तिच्यातच आहे.

आता थोडे व्यवहाराचे. ज्यांना असा कोच घ्यायचा आहे त्यांनी प्रथम मोजपट्टी घ्यावी. आपल्या सदनिकेतला दिवाणखाना समजा १० फूट बाय १२ फूट, म्हणजे १२० चौरस फूट. तिघांचा कोच साधारण ७ फूट लांब आणि ३ फूट रुंद. त्याने २१ चौरस फूट घेतले. जोडीला ३ बाय ३ च्या दोन खुर्च्या घेतल्या तर आणखी १८, आणि ४ बाय २ चा टीपॉय घेतला तर ८. बेरीज ४७. म्हणजे एकशेवीसपैकी सत्तेचाळीस फूट जमीन सामानाने खाल्ली, आणि उरलेल्या जमिनीतून दाराची, स्वयंपाकघराची आणि पोरांची वाट काढायची. त्यात तो रंग गडद, म्हणजे आहे त्याहून जड दिसणारा. म्हणून कोच एकच घ्यावा, संच घेऊ नये. भिंती फिक्या ठेवाव्यात, पडदे साधे असावेत, आणि कोचाशेजारी दुसरी कुठलीही वस्तू ओरडत नसावी. एका खोलीत एकानेच बोलावे. दोघे एकदम बोलू लागले की ते भांडण होते. आणखी एक, दाराची रुंदी आधी मोजा. जुन्या वाड्याच्या ठेंगण्या दारातून कोच आत जात नाही म्हणून चौकट काढावी लागते, आणि मग सुताराचे बिल कोचाच्या किमतीशी स्पर्धा करू लागते.

आपल्या हवेचाही विचार हवा. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. फाल्गुनापासून मृगापर्यंत वारा आणि धूळ. फिकी धूळ गडद मखमलीवर जशी दिसते तशी दुसऱ्या कशावरही दिसत नाही. आठवड्यातून दोनदा मऊ ब्रशने लवेच्या दिशेने झाडावे. पश्चिमेच्या खिडकीसमोर कोच ठेवू नये, दोन उन्हाळ्यांत रंग विटतो. चहा सांडला तर चोळू नये, कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा. बसून बसून लव निजली तर थोडी वाफ दाखवून ब्रशने उठवावी. इतकी सेवा करायची तयारी नसेल तर जाड सुती कापडाचा कोच घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

आणि ह्या सेवेच्या भीतीपोटीच आपल्या घरात एक चमत्कारिक गोष्ट घडते. आपण कोच आणतो आणि तो झाकून ठेवतो.

दौंडला माझे एक स्नेही आहेत. त्यांनी दोन वर्षांपूर्वी हप्त्याने गर्द हिरवा मखमली कोच घेतला. मी पाहायला गेलो तेव्हा कोचावर कारखान्यातून आलेले प्लॅस्टिक तसेच होते, आणि प्लॅस्टिकवर चादर होती. मी येणार म्हणून वहिनींनी चादर काढली होती. एप्रिल महिना, मी बसलो आणि पाठ त्या प्लॅस्टिकला चिकटली. स्नेह्यांच्या आई मात्र खाली चटई टाकून, त्या कोचाच्या पायाशी टेकून बसल्या होत्या. पंचवीस-तीस हजारांच्या वस्तूचा त्यांनी लोड केला होता! मी म्हणालो, "आई, वर बसा ना." त्या म्हणाल्या, "नगं बाबा. तेलाचं डोकं माझं, डाग पडंल त्याला." ज्या बाईने चुलीपुढे बसून ह्या मुलाला शिकवले, तिला त्या मुलाच्या दिवाणखान्यात आपल्या डोक्याच्या तेलाची लाज वाटत होती. कोचाने तिला तसे सांगितले होते.

इतक्यात त्यांचे मामा आले. ते भीमेकाठच्या गावाहून बाजाराला आले होते. त्यांनी दारात वहाणा काढल्या, कोचाकडे पाहिले, आणि उंबऱ्याशीच बसले. "मामा, इकडं या, वर बसा," असे स्नेही म्हणाले. मामा हसले. "धोतराला माती हाय. हितंच बरं हाय." चहा झाला, ते गेले. त्यांच्या जागी मी काही वेळ पाहत राहिलो. मला पाहुणा म्हणून त्या कोचावर बसवले होते, आणि ज्यांच्या शेतातल्या धान्यावर हे घर वाढले ते उंबऱ्यावर बसून गेले होते.

बंधुभगिनींनो, इथे मला एका गोणपाटाची आठवण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, शाळेत त्यांना इतर मुलांबरोबर बसू देत नसत. कोपऱ्यात वेगळे बसायला त्यांना एक गोणपाट असे. शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. एका लहान मुलाने रोज शाळेत वाहून नेलेला तो कापडाचा तुकडा हीही एक जबानी होती. आपल्या साऱ्या समाजाची. पुढे १ जानेवारी १९२७ रोजी तेच बाबासाहेब आपल्या ह्या तालुक्याच्या रस्त्यावरच्या कोरेगावच्या स्तंभापाशी आले. माझ्या स्नेह्यांच्या कोचाची आणि त्या गोणपाटाची मी बरोबरी करीत नाही. एक घरातला संकोच आहे, दुसरा शतकांचा अन्याय आहे. परंतु दोहोंत कापडाला एकच काम दिलेले आहे, माणसाला त्याची पायरी दाखवण्याचे. आणि ते काम आपण कापडाकडून नकळतही करवून घेत असतो, एवढे ध्यानात घ्यायला हवे. घरकामाला येणारी बाई, उसाच्या तोडीला आलेला मजूर, गवंडी, पोस्टमन : ह्यांपैकी कोण आपल्या दिवाणखान्यात बसतो आणि कोण उभ्याने बोलून जातो, हे आज घरी गेल्यावर आपापल्याशी मोजून पाहावे. सुनेलाही त्यात मोजावे. सासऱ्यासमोर सुनेने बसू नये ही रीत पुष्कळ घरांतून गेली. पण कोच आल्यावर ती चोरपावलांनी परत तर आली नाही ना?

स्नेह्यांच्या गोष्टीचा शेवट सांगतो. त्या रात्री त्यांनी स्वयंपाकघरातली सुरी आणून प्लॅस्टिक फाडले. वहिनींना वाईट वाटले. हप्ते अजून फिटायचे होते. पुढच्या बाजाराला मामा आले तेव्हा स्नेह्यांनी वाद घातला नाही. ते स्वतः शेतातून आलेल्या कपड्यांनिशी कोचावर बसले आणि शेजारच्या जागेवर हात थापटला. मामा अवघडून टेकले, मग नीट बसले. मांडीला मांडी लागली. आईंनी बाजूच्या खुर्चीत बसून हे पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या त्या कोचावर आडव्या होऊ लागल्या. डाग पडला का? पडला, डाव्या बाजूला, खोबरेल तेलाचा. तो अजून आहे.

आता सराफाच्या तबकाकडे परत येऊ. गडद मखमलीचा धर्म असा की, ती स्वतः मागे राहते आणि तिच्यावर जे ठेवले असेल ते उजळून दाखवते. मग कोचावरचा दागिना कोण? त्यावर बसलेला माणूस! पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी आई त्या गर्द हिरव्यावर बसली, तेव्हा तिचा चेहरा मला जसा दिसला तसा चटईवर कधी दिसला नव्हता. रिकामा, झाकलेला कोच म्हणजे रिकामे तबक होय. ते कितीही महाग असले तरी सराफाच्या दुकानात रिकाम्या तबकाला कोणी विचारीत नाही.

आणि मखमलीला खोटे बोलता येत नाही, हीही एक मौज आहे. तिच्या लवेवर बसल्याची खूण राहते, टेकवलेल्या हाताची खूण राहते. आपण कुणाच्या घरी गेलात आणि तिथे मखमली कोच दिसला, तर त्याची किंमत विचारू नका. त्याच्या लवेकडे पाहा. ती दुकानातल्यासारखी जिथल्या तिथे उभी असेल, तर त्या घरात कोच आहे पण बसायला माणसे नाहीत. ती जागोजागी निजलेली असेल, एखादा हात घासून गुळगुळीत झाला असेल, तर समजा की ह्या घरी येणे-जाणे आहे.

तेव्हा ज्यांना कोच घ्यायचा आहे त्यांनी तो अवश्य घ्यावा, गडद घ्यावा, मखमलीचा घ्यावा. आणल्या दिवशी प्लॅस्टिक काढून टाकावे आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला त्यावर प्रथम बसवावे. पुढची जबानी कोच आपण होऊन देईल.

माझे बोलणे संपले. आता एक विनंती. पुढच्या कोचांवर दोन जागा रिकाम्या राहिल्या आहेत, आणि मागे सतरंजीवर दोन आजीबाई मघापासून गुडघे चोळीत बसल्या आहेत. स्वयंसेवकांनी त्यांना पुढे आणावे.